जिन्यातलं अधिवेशन

त्या पत्राला सभापतींनी उत्तर दिलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर, न दिलेल्या त्या उत्तराचा त्यांना थोडा छुपा अभिमानही वाटायचा.

पत्र आलं तेव्हा ते मुलाच्या घरी, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, पाय उशीवर ठेवून पडले होते. लांबट पाकिटावर सुबक अक्षरात 'माननीय सभापती महोदय' असं लिहिलेलं. सुनेनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"बाबा, तुम्ही सभापती कधी झालात? घरात कुणाला पत्ता नाही."

"तसं काही नाही गं. मुलांचं आपलं काहीतरी चाललेलं असतं."

"मग हे 'माननीय' कशाला? मी रोज दोन वेळा जेवायला वाढते, मला कुणी माननीय म्हणत नाही."

ते हसले, पत्र वाचलं आणि उशीखाली सरकवलं. तिथेच ते राहिलं.

मुलांचं काहीतरी म्हणजे काय, ते सांगायला हवं. रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. तिथे नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली सकाळपासून अभ्यासाला बसायची. दुकानदारानं खोली वापरायला दिली होती ती एकाच अटीवर: भांडणं खाली दुकानात आणायची नाहीत. आता, दिवसभर राज्यघटना वाचणाऱ्या माणसांना साधं भांडण करताच येत नाही. पंखा दोनवर ठेवायचा की चारवर, यावरून एकदा जुंपली. एक जण म्हणाला, वारा हा मूलभूत हक्क आहे. दुसरा म्हणाला, वारा हे फार तर मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी कुणाला कोर्टात जाता येत नाही. हा वाद मिटता मिटेना, तेव्हा त्या खोलीची स्वतःची घटनाच तयार झाली. उद्देशिका, कलमं, परिशिष्टं, सगळं यथासांग. चहाचे कप कुणी धुवायचे याचं परिशिष्ट सगळ्यात लांब.

ती घटना लिहिली कलमताईनं. खरं नाव काहीही असो, तिला सगळे कलमताईच म्हणायचे. तिला कुणी 'किती वाजले' असं विचारलं, तर ती आधी 'कुठल्या कलमाखाली विचारतोस' असं म्हणेल, अशी तिची चेष्टा व्हायची, आणि ती चेष्टा तिला मनापासून आवडायची.

आणि सभापती म्हणजे एका शाळेतले निवृत्त ग्रंथपाल. ते तिथे वर्तमानपत्र वाचायला जायचे. बायको गेल्यावर घर फार शांत झालं होतं. अभ्यासिकेतली शांतता वेगळी होती. तिच्यात पानं उलटल्याचा आवाज होता. मुलांनी त्यांना सभापती केलं, कारण खोलीतला सगळ्यात कमी बोलणारा माणूस तोच. त्यांनी घाबरून नको नको म्हटलं, तेव्हा कलमताई म्हणाली होती, "काका, सभापतीला काही बोलावं लागत नाही. फक्त 'शांतता' म्हणायचं असतं. ते तर तुम्ही न बोलताच करता."

शाळेत लोकांनी त्यांच्याकडे आयुष्यभर पुस्तकं मागितली होती, मत कधी मागितलं नव्हतं. त्यामुळे उशीखालचं पत्र त्यांना टोचत होतं, कारण त्यात नेमकं तेच मागितलं होतं.

भानगड अशी झाली होती. तीन प्रयत्नांत जो उत्तीर्ण होणार नाही, त्यानं आपली खुर्ची नव्या माणसासाठी सोडावी, असं घटनेत एक कलम होतं. ते लिहिलं तेव्हा कलमताईचा पहिलाच प्रयत्न चालू होता, आणि पहिल्या प्रयत्नात माणसाला तीन म्हणजे पुष्कळ वाटतात. आता तिचेच तीन झाले होते. तिसऱ्या खेपेला ती मुलाखतीपर्यंत गेली आणि थोडक्यात हुकली. मग कुणीतरी घटनादुरुस्ती मांडली: 'तीन'च्या जागी 'चार' करा. आपल्याच प्रकरणात आपण न्यायाधीश व्हायचं नाही, म्हणून कलमताईनं मत दिलं नाही. उरलेली मतं नेमकी निम्मी निम्मी पडली. निम्मी निम्मी पडली तर काय करायचं, हेही तिनेच लिहून ठेवलं होतं. सभापतींनी निर्णायक मत द्यावं. ते बाहेर असतील, तर त्यांनी ते टपालानं, सहीनिशी, बंद पाकिटात पाठवावं, म्हणजे कुणी त्यांच्या मागे लागायला नको.

तिला अभ्यासाला दुसरी जागा नव्हती. घरी दोन खोल्या, आईचं शिवणयंत्र, भावाची दोन मुलं. भाऊ तसा प्रेमळ, पण त्याच्या मते आता परीक्षा पुरे झाल्या. त्याच्या साहेबांच्या ऑफिसात एक जागा तिच्यासाठी धरून ठेवलेली होती. अभ्यासिकेची खुर्ची गेली, तर त्याला आयतंच बोलायला मिळणार होतं: बघ, तुझ्या मित्रमैत्रिणींनीच तुला उठवलं.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट ही, की बरोबर उत्तर काय ते सभापतींना माहीत होतं. निर्णायक मत देताना सभापतीनं चालू नियमाच्या बाजूनं द्यायचं असतं. जिथे बहुमत नाही, तिथे आपल्या एका मतानं ते उभं करायचं नसतं, असा संकेत आहे. हा संकेत त्यांना कलमताईनंच शिकवला होता, चहाच्या कपांवर मतं समान पडली होती तेव्हा. म्हणजे उत्तर 'नाही'. पण 'नाही' लिहायला हात उठेना. मग 'होय' लिहावं, तर आपण कोण लागून गेलो संकेत मोडणारे? मुलगी आपल्याला लेकीसारखी वाटते म्हणून? आणि चौथ्यांदाही राहिली, तर तिचं आणखी एक वर्ष आपण वाया घालवलं असं व्हायचं.

पडल्या पडल्या त्यांना एक युक्ती सुचली. उत्तरच द्यायचं नाही. उत्तर नाही म्हणजे निर्णय नाही, आणि निर्णय नाही तोवर ती बसलेलीच आहे. कुणाचं मन मोडायला नको, संकेत मोडायला नको. मुलांच्या चिटणिसाचं आठवणीचं कार्ड आलं, तेही पत्राच्या सोबतीला उशीखाली गेलं. आपण इतके मुत्सद्दी आहोत हे त्यांना या वयात प्रथमच कळत होतं.

दोनेक महिन्यांनी गुडघा दाखवायला ते त्या भागात गेले. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला आणि आता थोडे जिने चढा म्हणाले. मग निमित्त मिळाल्यासारखे ते काठी टेकत रंगाच्या दुकानापाशी आले. वर जाऊन दारातूनच बघायचं, ती खुर्चीत दिसली की परत फिरायचं, असा बेत होता.

जिन्याच्या मधल्या वळणावर, पायरीवर गणवेशातला एक कंडक्टर बसला होता. मांडीवर जाडजूड पुस्तक, शेजारी तिकिटांची पिशवी, आणि वरच्या पायरीवर आणखी कुणाची तरी पुस्तकं, पाण्याची बाटली, डबा.

"या आजोबा, सावकाश. कठड्याला हात लावू नका, कालच रंग दिलाय." तो सरकला. "वर जायचं असेल तर खुशाल जा. दार उघडंच असतं. आम्हाला मात्र आत बसता येत नाही."

"का बरं?"

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे," कंडक्टर भारदस्तपणे म्हणाला. "आत दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि आम्ही दोघं बाहेर."

"दोन?" सभापती तिथेच थांबले.

"एक ताईंची. त्या म्हणतात, निर्णय लागेपर्यंत मी तिच्यावर बसणार नाही, ते बरं दिसत नाही. प्रतीक्षा यादीत मी पहिला. पण मलाही बसता येत नाही. कारण ती खुर्ची रिकामी आहे, पण रिकामी आहे असं अजून ठरलेलं नाही. कळलं का?"

"कळलं," सभापती म्हणाले. त्यांना जरा जास्तच कळलं होतं.

"हुशार आहात. मला कळायला आठवडा गेला."

"आणि दुसरी खुर्ची?"

"ती सभापतींची. तिच्यावर तर कुणी बसायचं नावच काढत नाही. रोज फडक्यानं पुसतात मात्र."

सभापतींनी इकडेतिकडे पाहिलं. खाली दुकानात कुणीतरी डबा हलवून रंग कालवत होतं. "हे सभापती कोण?" त्यांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"आहेत कुणी म्हातारे गृहस्थ. मी पाहिलेले नाहीत. मुलाकडे राहायला गेलेत. पत्राला उत्तर देत नाहीत."

"आजारी असतील."

"गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणे." कंडक्टरनं पुस्तकात बोट घातलं. "पण लिहितात काय गुडघ्यानं?"

सभापतींनी गुडघ्यावर ठेवलेला हात हळूच काढून घेतला.

"आत रोज वाद असतो त्यावर," कंडक्टर रंगात आला होता. "एक म्हणतो, गप्प बसणं म्हणजे नकाराधिकार. दुसरा म्हणतो, गप्प बसणं म्हणजे संमती. तिसरा म्हणतो, पत्र हरवलं असेल, शोधा."

"आणि ताई काय म्हणतात?"

"ताई म्हणतात, त्यांना लिहायला जड जात असेल. उगीच घाई करू नका."

इतक्यात खालून कलमताई चहाचे दोन ग्लास सांभाळत वर आली. सभापतींना बघून ती एक पायरी चुकली आणि चहा थोडा हिंदकळला.

"अगंबाई, सभापतीकाका. पाय कसा आहे? आणि इतके जिने कुणी चढायला सांगितले?"

कंडक्टर इतक्या झटकन उभा राहिला, की मांडीवरची राज्यघटना दणादण पायऱ्या उतरत थेट खाली गेली आणि पिवळ्या रंगाच्या बादलीपासून वीतभर अंतरावर थांबली. तो ती आणायला गेला आणि वर यायची त्याला काही घाई दिसेना.

"तू इथे का बसतेस?" सभापतींनी विचारलं.

"इथे वारा छान येतो. पंखा दोनवर की चारवर, ही कटकट नाही."

"खरं सांग."

तिनं एक ग्लास त्यांच्या हातात दिला. "काका, तो नियम दुसऱ्या कुणी लिहिला असता ना, तर मी आत ठाण मांडून कडाकडा भांडले असते. स्वतःशी कशी भांडू?"

"मला वाटलं, मी उत्तर दिलं नाही तर तू आतच..." युक्ती म्हणून जी दोन महिने जपली होती, तिचा सरळ अर्थ असा निघाला होता, की आत दोन खुर्च्या मोकळ्या आणि दोन माणसं जिन्यात. "हे बघ, मी तुला आत्ताच सांगतो. माझं मत..."

"थांबा." तिनं हात वर केला. "जिन्यात नाही. टपालानं. सहीनिशी."

"अगं, मी समोर उभा आहे."

"म्हणूनच. समोर उभं राहिलं की माणसाला नाही म्हणवत नाही. भिडस्त माणसांसाठीच तर ते कलम घातलंय." मग तिच्या लक्षात आलं आणि ती ओशाळली. "म्हणजे तुम्हाला उद्देशून नव्हतं हं."

"होतं," सभापती म्हणाले, आणि दोघंही हसली.

कंडक्टर परत आला. सभापतींकडे न बघता त्यानं पुस्तक झटकलं आणि निमूट बसला. वातावरण निवळावं म्हणून कलमताईनं त्याला प्रश्न टाकला, "सांगा बघू. विधेयक एका सभागृहात मंजूर झालं, पुढे काय?"

"गाडी बदलायची. तिकीट तेच."

"आणि दुसऱ्या सभागृहानं अडवलं तर?"

"मग दोन्ही गाड्यांचे प्रवासी एका स्टँडवर उतरवायचे आणि भांडायला लावायचे. संयुक्त बैठक."

"परीक्षेत असं लिहू नका."

"लिहीत नाही. पण असंच लक्षात राहतं, त्याला काय करू?"

सभापतींनी आवाज खाली आणून तिला विचारलं, "हा आत गेला तर तू बाहेर. आणि तू त्यालाच शिकवतेस?"

"शिकवलं की मला पाठ होतं. शिवाय तो ड्यूटी करून येतो हो, डोळे मिटत असतात बिचाऱ्याचे. तो बसला तरी चालेल मला. पण कुणीतरी बसायला हवं, काका. ती खुर्ची अशी नुसती बघवत नाही."

"घरी माहीत आहे?"

"दादाला वाटतं मी आतच बसते. पुढच्या आठवड्यात घराला रंग द्यायचाय, आणि रंग घ्यायला तो याच दुकानात येणार आहे. आला की वर डोकावेल." तिनं खांदे उडवले, पण ग्लास मात्र दोन्ही हातांनी धरला. "मग काय, सोमवारपासून साहेबांचं ऑफिस."

आवाज ऐकून चिटणीस दारात आला. उंच, काटकुळा मुलगा. सभापतींना बघून त्यानं आधी शर्ट सारखा केला.

"सभापती महोदय, एक सांगू? मी दुरुस्तीच्या विरोधात मत दिलंय. लपवत नाही, हिलाही माहीत आहे. पण तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, काहीतरी म्हणा. मला रोज हिच्या डब्यावरून उडी मारून आत जावं लागतं."

"एकदा डब्यात पाय पडला होता," कलमताई म्हणाली.

"त्याबद्दल मी सभागृहाची माफी मागितली आहे."

सभापती दारापर्यंत गेले. खोली होती तशीच होती. माना खाली, पानांची सळसळ, पंखा तीनवर. खिडकीपाशी तिची खुर्ची, पुढचं टेबल स्वच्छ. आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाशी त्यांची. महिन्या-दोन महिन्यांचे अंक तारीखवार लावून ठेवलेले, खुर्ची पुसून लखलखीत. मुलांनी माना वर करून हसून पाहिलं, एकानं खुर्ची मागे ओढून दिली. ते बसले नाहीत. डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलंय, असं काहीतरी पुटपुटून खाली उतरले. उतरताना विसरून कठड्याला हात लावला आणि घरी हिरवा तळवा घेऊन आले.

जेवण झाल्यावर, दुपारी, ते कागद घेऊन टेबलाशी बसले. पहिल्या कागदावर लिहिलं, 'संकेतास अनुसरून...' आणि फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'संकेताचा पूर्ण आदर राखून...' आणि तोही फाडला. संकेत वाईट नव्हता. सभागृहाला पुन्हा विचार करायला वेळ मिळावा, म्हणून तो होता. पण सगळा वेळ तर त्यांनी एकट्यानेच गिळून टाकला होता. आणि दुसरंही एक होतं: संकेत सभापतीला स्वतःच्या मतापासून वाचवतो. त्यांना आयुष्यभर कशानं ना कशानं असंच वाचवलं होतं. शाळेत कपाटांनी, लग्नकार्यात चष्म्यानं, आणि आता गुडघ्यानं.

तीनदा प्रयत्न करूनही जिला जिन्यात बसून चौथ्यांदा करावासा वाटतो, तिला आणखी एक वर्ष देणं चूक आहे का? त्यांनी स्वतःला विचारलं. नाही वाटत. कुणी 'का?' असं विचारलं तर पुराव्यादाखल काही दाखवता येणार नव्हतं. पण मत मागितलं होतं, पुरावा नव्हता मागितला. त्यांनी नव्या कागदावर एकच शब्द लिहिला, 'होय', आणि खाली सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली.

मग त्यांना कंडक्टर आठवला. ताई आत गेली, की तो एकटा जिन्यात. आणि आत एक खुर्ची रोज पुसली जाणार, तिच्यावर कुणी बसायचं नाही, कारण पुढच्या महिन्यात येतो असं सांगून त्या खुर्चीचा मालक मुलाकडे गेला होता. मुलाचं घर तिथून लांब, गुडघा हा असा; तो पुढचा महिना काही येणार नव्हता. हे त्यांना कधीपासूनच ठाऊक होतं. पण जगात एका तरी खोलीत आपली म्हणून एक खुर्ची आहे, ही गोष्ट सोडवत नव्हती.

ते बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी दुसरा कागद घेतला आणि राजीनामा लिहिला. माझी खुर्ची प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला द्यावी. नवा सभापती निवडताना जरा बोलका निवडावा.

दोन्ही कागद पाकिटात घालताना त्यांचा हात थबकला. मुलांनी राजीनामा आधी वाचला, तर? मत देणारा सभापतीच नव्हता, असं कुणीतरी उठून म्हणेल, आणि त्यावर चार आठवडे चर्चा होईल. ते अस्वस्थ होऊन खोलीत फेऱ्या मारायला लागले.

सून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "दोन पाकिटं करा ना, बाबा."

"दुसरं आधी पोचलं, तर?"

"मग आज एक टाका, उद्या एक."

"उद्या मी टाकणार नाही," सभापती म्हणाले. "मी मला ओळखतो."

सुनेनं घडी बाजूला ठेवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग कपाटातून एक लहान पाकीट काढून दिलं. राजीनामा त्या लहान पाकिटात गेला. वर त्यांनी लिहिलं, 'मत मोजून झाल्यावरच उघडावे', आणि खाली रेघ मारली. ते लहान पाकीट मताच्या कागदासोबत मोठ्यात गेलं. मोठं पाकीट त्यांनी चिकटवलं, उघडं राहिलं नाही ना ते पाहिलं, पुन्हा दाबलं.

"द्या, मी टाकते. भाजी आणायला चाललेच आहे."

"नको. मीच जातो."

"ऊन आहे."

"असू दे."

टपालपेटी कोपऱ्यावर होती. काठी टेकत तिथवर जाताना रस्त्यात त्यांच्या मनात 'होय' तीन वेळा 'नाही' झालं आणि तीन वेळा परत 'होय' झालं. पण पाकीट चिकटवलेलं होतं, त्याला यातलं काही ऐकू गेलं नाही. पेटीसमोर ते उभे राहिले. पाकीट फटीत अर्धं गेलं आणि तिथेच राहिलं, कारण त्यांनी सोडलं नव्हतं.

मागे एक बाई हातात पत्रं घेऊन थांबल्या होत्या. "आजोबा, टाकताय ना?"

"हो हो," सभापती म्हणाले, आणि सोडलं.